वाचक विचारतात: नर्सिंगचा अभ्यास, मोबाईल आणि वॉर्ड

या महिन्याच्या टपालात नर्सिंग कॉलेजांची पत्रं जास्त आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये आला. चार वर्षांची आठ सत्रं झाली, श्रेयांक आले आणि तिसऱ्या सत्रात नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स हा स्वतंत्र विषय बसला: ४० तास थिअरी आणि ४० तास लॅब. विषय कागदावर आला की कॉलेजात संगणक येतात, वाय-फाय येतं, एखादी प्रणालीही येते. पुढे ती चालवायची कशी, याचे हे प्रश्न. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न: आमच्या वर्गात ६० विद्यार्थिनी आहेत. सगळी लेक्चरं रेकॉर्ड करून गटावर टाकली, प्रत्येक ३५ ते ४० मिनिटांचं. पहिल्या आठवड्यानंतर कुणी बघेना. मुलींना अभ्यास नको आहे की आमचं काही चुकतंय? (पाठ्यनिर्देशिका, होटगी रस्ता, सोलापूर)

चुकतंय ते लांबीत. वर्गात चाळीस मिनिटं मुली बसतात, कारण समोर मॅडम उभ्या असतात. मोबाईलवर बाहेरचं दार अंगठ्याखाली असतं. शिवाय लेक्चर ही रेकॉर्ड करायची गोष्टच नव्हे. व्हिडिओ लागतो तो प्रोसिजरला, कारण साठजणी एका मॅनिकिनभोवती, म्हणजे सरावाच्या पुतळ्याभोवती, उभ्या राहिल्या की मागच्या चाळीसजणींना फक्त पुढचीच्या वेण्या दिसतात.

एका व्हिडिओत एकच प्रोसिजर घ्या, पाच ते सात मिनिटांत. कॅमेरा समोर ठेवू नका. करणाऱ्या सिस्टरच्या खांद्यामागून, थोडा उंचावरून धरा. समोरून घेतलेल्या चित्रात उजवा हात डावीकडे दिसतो आणि स्किल लॅबमध्ये मुली गोंधळतात. मोबाईल स्टँडवर आडवा लावा. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे आकडे. आवाजाचा शत्रू पंखा. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून चित्रीकरण करा म्हणणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा चित्र पंखा चालू ठेवून घ्या आणि निवेदन सकाळी सातला, बंद खोलीत, वेगळं रेकॉर्ड करून वर बसवा. निवेदन वेगळं असलं की चुकलेलं एक वाक्य बदलायला सगळं पुन्हा करावं लागत नाही, हा वरचा फायदा.

मग आकार. फोनने १०८० मध्ये घेतलेला सहा मिनिटांचा कच्चा व्हिडिओ सहज ७०० एमबीच्या पुढे जातो. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात ४८० ची उंची, चित्राला सरासरी ५०० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस एवढं ठेवा. मिनिटाला साधारण ४.२ एमबी होतात, म्हणजे सहा मिनिटांचे २५ एमबी. हात, सुई, ट्रे एवढं यात स्वच्छ दिसतं. सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत, त्यांचा जवळून काढलेला एक स्थिर फोटो मध्ये घाला. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की ते पुन्हा दाबतं आणि चित्राचा लगदा होतो.

आता मुख्य काम: व्हिडिओ मध्ये थांबला पाहिजे. एच-फाइव्ह-पी या मोफत साधनात व्हिडिओच्या ठरावीक सेकंदाला प्रश्न बसवता येतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू न देण्याची सोय आहे. प्रश्न कुठे घालायचा? जिथे चूक होते त्याच्या आधीच्या क्षणी. स्त्री रुग्णाला फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची टोकाला बलून असलेली नळी, घालण्याचा व्हिडिओ घ्या. लघवी दिसायच्या आधीच बलून फुगवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि त्यात मूत्रमार्गाला इजा होते. म्हणून कॅथेटर आत जात असताना चित्र थांबवा आणि विचारा, ‘आता लगेच काय करणार?’ लघवी आल्यावर आणखी २.५ ते ५ सेंटीमीटर आत सरकवणं, हे उत्तर. पुढचा थांबा बलून भरताना: पाणी किती आणि कोणतं? पोर्टवर छापलेलं माप, नेहमीच्या कॅथेटरला १० मिली, आणि निर्जंतुक पाणी. सलाईन नव्हे, कारण त्यातल्या क्षाराचे खडे नळीत बसले तर काढताना बलून रिकामा होत नाही. सहा मिनिटांत असे तीन थांबे पुरे. सात-आठ घातले की मुली पाहणं सोडून नुसती बटणं दाबत सुटतात.

याचा खरा लाभ तुमच्या वेळापत्रकात दिसेल. रिटर्न डेमोला, म्हणजे मुलीने स्वतः करून दाखवण्याला, दर मुलीमागे १२ मिनिटं धरली तर साठजणींचे ७२० मिनिटं, म्हणजे एका ट्यूटरचे बारा तास. चार मॅनिकिन आणि चार ट्यूटर असतील तर तीन तास. आज त्या तीन तासांतला पहिला तास पुन्हा डेमो दाखवण्यात जातो. व्हिडिओ आधी बघून आलेल्या मुलींना पाच प्रश्नांची दहा मिनिटांची चाचणी द्या आणि सरळ हाताने करायला लावा. ज्यांची तीनपेक्षा कमी उत्तरं बरोबर, त्या कोपऱ्यात बसून व्हिडिओ पुन्हा पाहतील आणि शेवटच्या फेरीत येतील. ही अट पहिल्या महिन्यात पाळली नाही तर पुढे कुणी व्हिडिओ बघून येणार नाही. मग दोष व्हिडिओला द्यायचा नाही.

प्रश्न: संस्थेने मूडल घ्यावं की गूगल क्लासरूम? दोन्ही फुकट आहेत म्हणतात. (प्राचार्या, जुळे सोलापूर)

दोन्ही म्हणजे कॉलेजचा वर्ग नेटवर चालवण्याच्या प्रणाली. नोट्स वाटायच्या आणि असाइनमेंट गोळा करायच्या एवढंच काम असेल तर क्लासरूम. एका दुपारी चालू होतं. प्रश्नपेढी, शब्दसंग्रह, कुणी काय पूर्ण केलं याची नोंद आणि पाच वर्षांचे प्रश्न एका जागी हवे असतील तर मूडल. ते २००२ पासून आहे, मोफत आहे, पण त्याला सर्व्हर लागतो आणि माणूस लागतो. सर्व्हर भाड्याने मिळतो. अडतं ते माणसापाशी.

ते काम एकट्या संगणक ऑपरेटरवर टाकू नका. त्याला ओएससीई (टप्प्याटप्प्याने घेतली जाणारी कौशल्य परीक्षा) आणि ओपीडी यातला फरक माहीत असण्याचं कारण नाही. एका ट्यूटरला आठवड्याला चार तास वेळापत्रकात लिहून द्या. तोंडी सांगितलेले चार तास दुसऱ्या आठवड्यात वॉर्ड ड्युटीत वाहून जातात.

चालू करताना तीन गोष्टी हमखास राहतात. मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीमध्ये अपलोडची मर्यादा दोन ठिकाणी असते, एका फाइलची आणि एकूण पोस्टची. एकच वाढवली तर २५ एमबीचा व्हिडिओ काही न बोलता अडकतो. दुसरं, क्रॉन, म्हणजे सर्व्हरवरची ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय, दर मिनिटाला चालला पाहिजे. तो लावलेला नसेल तर सूचना जात नाहीत आणि सगळे म्हणतात मूडल झोपलंय. तिसरं, मोबाईल ॲपसाठीची वेब सर्व्हिस चालू आहे ना, हे प्रशासनाच्या पानावर पाहावं लागतं. मुली संगणकावर नव्हे, फोनवरच येणार आहेत. रात्रीचा बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणं. आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर उतरवा.

प्रश्न: मी अक्कलकोट तालुक्यातून ये-जा करते. गावात रेंज एक कांडी, फोन ३२ जीबीचा आणि तोही भरलेला. क्विझ अर्धी होते आणि बंद पडते. (तिसऱ्या सत्राची विद्यार्थिनी)

आधी फोन रिकामा करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो, व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि ‘स्टोरेज’मध्ये जाऊन सर्वांत मोठ्या फाइली पुसा. लग्नाच्या व्हिडिओंनीच बहुतेक फोन भरलेले असतात. मग मूडलचं ॲप कॉलेजच्या वाय-फायवर उघडून त्या आठवड्याचे धडे तिथेच डाउनलोड करा. एसटीत ते नेटशिवाय दिसतात.

क्विझचं मात्र तुमच्या हातात नाही, मॅडमच्या हातात आहे. ‘मोबाईल ॲपवर ऑफलाइन सोडवू द्या’ अशी खूण क्विझच्या सेटिंगमध्ये असते. ती लावायची तर क्विझला वेळमर्यादा नको आणि उत्तरं शेवटी तपासली जाणारी पद्धत हवी, तिथे डिफर्ड फीडबॅक असं लिहिलेलं असतं. हा भाग कापून मॅडमना दाखवा. सरावाच्या चाचण्यांना वेळ लावण्याची तशीही गरज नसते.

थिअरीचा भाग ऐकून होत असेल तर मॅडमना फक्त आवाजाची फाइल मागा. मोनो ६४ केबीपीएसला वीस मिनिटं म्हणजे दहा एमबीसुद्धा नाहीत.

ट्यूटरांसाठी जाता जाता: आषाढीच्या आठवड्यात मुलींची ड्युटी वारीत लागली असेल तर त्या दिवसांत कुठलीही शेवटची तारीख ठेवू नका. पंढरपुरात तेव्हा फोनसुद्धा लागत नाही, क्विझ काय लागणार. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत फोन लागतो, मुलींचं लक्ष लागत नाही.

प्रश्न: इंटर्नलची चाचणी सगळ्यांनी एकदम उघडली आणि निम्म्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. आमची लाईन तर १०० एमबीपीएसची आहे. (क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, सोलापूर)

लाईन पुरेशी आहे. अडलंय छतावरच्या डब्यात. घरगुती दर्जाचा एक वाय-फाय राउटर पंचवीस-तीस फोन एकाच वेळी काम करत असले की धापा टाकतो. साठ फोन आणि खिशातली साठ व्हॉट्सॲप धरली तर त्याची काय कथा. त्याच हॉलमध्ये दोन किंवा तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारे डबे, लावा आणि २.४ गिगाहर्ट्झवर त्यांना १, ६ आणि ११ असे वेगवेगळे चॅनल द्या. दोघांना एकच चॅनल दिला तर दुसरा डबा नसल्यातच जमा. तोवर उपाय सोपा: तीस-तीसच्या दोन तुकड्या, प्रश्नपेढीतून वेगवेगळे प्रश्न, आणि पहिली तुकडी आत असताना दुसरी स्किल लॅबमध्ये. ईसीजीच्या पट्ट्यांचे फोटो थेट कॅमेऱ्यातून चढवलेले असतात, एकेक चार एमबीचा. ते १०० केबीपर्यंत लहान केले तर अर्धा ताण तिथेच जातो.

नेट तुटेपर्यंत मूडल साधारण मिनिटामिनिटाला उत्तरं जपून ठेवतं, म्हणून मुलींना सांगा की पान बंद करू नका, ‘बॅक’ दाबू नका, जोडणी परत आली की पुढे चला. घाबरून पान बंद केलं की जपून न ठेवलेली शेवटची उत्तरं जातात.

चाचणी संपल्यावर गुणांची यादी काढून थांबू नका. अहवालात प्रत्येक प्रश्नाचा सुलभता निर्देशांक आणि भेदक्षमता निर्देशांक मिळतो. भेदक्षमता उणे आली, म्हणजे हुशार मुली चुकल्या आणि कच्च्या मुली बरोबर आल्या, तर दहापैकी नऊ वेळा उत्तरतालिकेत चूक असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. तो प्रश्न सर्वांना पूर्ण गुण देऊन काढून टाका.

औषधाच्या आणि थेंबांच्या गणितांना पर्याय देऊ नका, संख्या लिहायला लावा. १००० मिली सलाईन ८ तासांत, सेट २० थेंब प्रति मिलीचा: १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४१.६७. थेंब अर्धा मोजता येत नाही, म्हणून उत्तर ४२ आणि मान्य फरक १ ठेवा. एकक प्रश्नातच लिहून टाका, नाहीतर ‘४२ थेंब’ लिहिणारी मुलगी चूक ठरते. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तरी तोच घोटाळा होतो, म्हणून इंग्रजी आकडे वापरण्याची सूचना वरच द्या. ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारात मिली आणि तास प्रत्येकीला वेगळे पडतात, त्यामुळे शेजारणीचं उत्तर कामाला येत नाही.

प्रश्न: मुलगी नर्सिंगला जायची म्हणते. एका एजंटाने सांगितलं, आता सगळं ऑनलाइन झालंय, घरी बसून डिग्री मिळते. खरं का? (पालक, बार्शी)

खोटं आहे. पैसे देऊ नका.

बी.एस्सी. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डातली क्लिनिकल हजेरी पदवी हातात पडण्यापूर्वी १०० टक्के पूर्ण करावी लागते. कॉलेज पाहायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, आणि मुलींना ड्युटीला कोणत्या रुग्णालयात नेतात. तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर उठा. ‘स्वयम्’सारख्या सरकारी मंचावर आरोग्याचे चांगले मोफत कोर्स आहेत. ते जोडीला करावेत, पदवीच्या जागी नव्हेत.

प्रश्न: सिम्युलेशनवर भर द्या असं सांगतात. आमच्याकडे लाखोंचं मॅनिकिन नाही. संगणकावरच्या प्रसंगांनी काही साधतं का? आणि त्याने वॉर्डाचे तास कमी करता येतात का? (सहायक प्राध्यापिका, प्रसूती विषय)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ, कारण त्यावर बरीच ओढाताण होते. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. क्लिनिकल तासांच्या निम्म्यापर्यंत सिम्युलेशन दिलं तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही, असं त्यात दिसलं. ते सिम्युलेशन प्रशिक्षित शिक्षकांनी, ठरवलेल्या रचनेने, प्रत्येक प्रसंगानंतर सविस्तर चर्चा करून घेतलेलं होतं. मोबाईलवर बटण दाबणं म्हणजे ते नव्हे. आपल्याकडे तास परिषदेच्या नियमानेच मोजले जातात, त्यामुळे संगणकावरचा प्रसंग वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये लिहू नका.

तरीही तो उपयोगाचा आहे, आणि तो प्रसूती विषयातच जास्त. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव विद्यार्थिनीला वॉर्डात दिसला तरी तिला मागे उभं केलं जातं, आणि ते बरोबरच आहे. निर्णय घेण्याचा सराव मग कुठे होणार? एच-फाइव्ह-पीच्या ‘ब्रांचिंग सिनॅरिओ’त तो बांधता येतो. सुरुवात अशी: योनीमार्गे प्रसूती होऊन वीस मिनिटं झाली, पॅड भिजलं आहे, नाडी ११०, पोटावर हात ठेवल्यावर गर्भाशय मऊ लागतं. पहिला निर्णय: मदतीला हाक, गर्भाशयाला मालिश, रक्तदाब मोजणं, की डॉक्टरांना फोन लावून वाट पाहणं? प्रत्येक निवडीला मिनिटं जोडा. फोनवर वाट पाहिली तर पुढच्या पानावर नाडी १२८ आणि रक्तदाब ९० वर ५० दाखवा. हाक आणि मालिश निवडलं तर पुढे भरलेलं मूत्राशय, शिरेत लावायची जाड कॅन्युला, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचा आदेश हे प्रश्न येऊ द्या. गेलेलं रक्त ५०० मिली झालं की अतिरक्तस्राव, ही व्याख्या पाठ असते. पण भिजलेला एक पॅड म्हणजे किती, हे सांगता येत नाही. म्हणून तिथे पॅडचा फोटो घाला, आणि लॅबमध्ये लाल रंगाचं मोजलेलं पाणी ओतून १००, २५०, ५०० मिलीचे पॅड करून ठेवा. हे काम एका दुपारचं, खर्च कापसाचा आणि रंगाचा.

बहुतेक प्रसंग फसतात ते पर्यायांमुळे. चारपैकी तीन पर्याय उघड मूर्खपणाचे ठेवले की मुलगी विचार न करता पार होते. चुकीचा पर्याय असा हवा की एखादी थकलेली, नवी सिस्टर तो खरंच निवडेल. शिवाय चुकीच्या वाटेवर लगेच ‘चूक’ असं लाल अक्षरात दाखवू नका. रुग्ण बिघडताना दिसू द्या.

नंतरची चर्चा प्रसंगाएवढी तरी लांब हवी. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर चर्चा वीस मिनिटं धरा. काय दिसलं, तेव्हा मनात काय आलं, पुन्हा झालं तर काय वेगळं करशील, या क्रमाने विचारा. आधी गुण सांगितले की मुली गप्प होतात.

प्रश्न: मुली झेडपीच्या मराठी शाळांतून येतात. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. मराठीत व्हिडिओ केले तर परीक्षेत अडतील, इंग्रजीत केले तर समजत नाहीत. (ट्यूटर, मोहोळ)

निवेदन मराठीत करा, संज्ञा इंग्रजीत ठेवा, आणि पडद्यावर संज्ञेचं स्पेलिंग येऊ द्या. बोलणं आणि वाचणं यांची अशी वाटणी चालते. लांब उपशीर्षकांपेक्षा ती बरी.

पण याहून मोठं काम मूडलच्या ‘ग्लॉसरी’त होतं. शब्द एकदा लिहा, स्वयंचलित दुवा चालू करा. मग कोणत्याही धड्यात तो शब्द आला की त्यावर बोट ठेवताच अर्थ उघडतो. ‘पानावर एकदाच दुवा’ ही खूणही लावा, नाहीतर ‘पेन’ आणि ‘पल्स’ शब्दांनी सगळं पान निळं होतं. एका नोंदीत तीन गोष्टी हव्यात: अर्थ, उच्चार, आणि रुग्ण तेच कसं सांगतो. ‘डिस्प्निया’पाशी नुसतं ‘श्वसनास त्रास’ लिहू नका. ‘दम लागतो’, ‘धाप लागते’, ‘छाती भरून येते’ हेही लिहा, कारण वॉर्डात तिला हेच ऐकू येणार आहे.

सोलापुरात तर मराठीवर भागत नाही. सीमेपलीकडून येणारे रुग्ण कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या घरांत तेलुगू आहे, आणि उर्दू-हिंदी सगळीकडे. वर्गातल्याच कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या मुलींकडून दहा-दहा सेकंदांचे आवाज घ्या आणि ग्लॉसरीत जोडा. ‘कुठे दुखतंय?’ला कन्नडमध्ये ‘एल्ली नोवू इदे?’, तेलुगूत ‘एक्कड नोप्पी उंदी?’. अशी तीस वाक्यं वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगला पुरतात. दुखणं, लघवी, उलटी, शेवटचं कधी खाल्लं, कोणत्या औषधाची ॲलर्जी. मुली हे ऐकतातही आवडीने, कारण आवाज ओळखीचा असतो.

प्रश्न: केस स्टडीसाठी मुली रुग्णाच्या जखमेचे फोटो काढून गटावर टाकतात. चेहरा दिसत नसेल तर चालतं ना? (इन-चार्ज सिस्टर)

नाही. हातावर गोंदलेलं नाव, पलंगाचा क्रमांक, कडेला पडलेला केसपेपर, यातून माणूस ओळखू येतो. गटातून पुसला तरी फोटो साठजणींच्या फोनच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये गेलेला असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे. जखमेचं वर्णन सेंटीमीटरमध्ये, रंग, स्राव आणि वास यांत लिहायला लावा. फोटो नसला की निरीक्षण सुधारतं. फोटो लागलाच तर मॅनिकिनवर जखम रंगवून घ्या.

याच कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली जाते, आणि प्रवेशाला वयाची अट १७ ची आहे. म्हणजे पहिल्या सत्रातल्या काही मुलींची खाती उघडताना पालकांची संमती घ्यावी लागू शकते. प्रवेशाच्या अर्जाबरोबरच तो कागद घ्या.

प्रश्न: आमच्याकडे इंटरनेट दिवसातून चार वेळा जातं. तरी काही करता येईल का? (प्राचार्य, मंगळवेढा तालुका)

येईल. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या आणि त्यावर मूडलबॉक्स, म्हणजे या संगणकासाठी तयार केलेलं मूडल, बसवा. पेटी स्वतःचं वाय-फाय देते आणि मूडल इंटरनेटशिवाय चालतं. ३२ जीबीपेक्षा लहान कार्ड घेऊ नका, आणि व्हिडिओ जास्त असतील तर ६४ घ्या. तिच्या स्वतःच्या वाय-फायवर वीसेक फोनच्या पुढे जाऊ नका. जास्त हवे असतील तर तिला वायरने साधा राउटर जोडा आणि फोन राउटरवर घ्या.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. वीज गेली की कार्डावर चाललेलं लिखाण अर्धं राहतं आणि कधी कधी सगळं कार्डच बिघडतं. म्हणून छोटा यूपीएस लावा, पेटी मेनूतूनच बंद करा आणि महिन्यातून एकदा कार्डाची संपूर्ण प्रत काढून ठेवा. दुसरा घोटाळा घड्याळाचा. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद करून पुन्हा लावली, आणि इंटरनेट नसलं, की पेटी जुनीच वेळ धरून बसते. मग सोमवारची क्विझ ‘अजून उघडलेली नाही’ असं सांगते आणि मुली मॅडमना फोन करतात. रोज चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे मूडलबॉक्सच्या पानावर जाऊन तारीख आणि वेळ बरोबर करणं. हे एका मुलीला नेमून द्या, तिचं नाव पेटीवर चिकटवा, आणि ती ड्युटीवर गेली की दुसरी कोण, तेही खाली लिहा.